इस्यांगच्या घरी अडकलेली माता

आमच्या गल्लीत माता दर शनिवारी घर बदलते. संध्याकाळी सहाची जपमाळ झाली, की जिच्याकडं ती आठवडाभर राहिली ती बाई तिला उचलते, आम्ही मेणबत्त्या घेऊन मागं चालतो, आणि पुढच्या घरची बाई उंबऱ्यात येऊन दोन्ही हातांनी तिला घेते. देणाऱ्या हातांतून घेणाऱ्या हातांत. मधे तिसरा हात लागायचा नाही, अगदी पाद्रीबाबांचासुद्धा. मरियामातेची ही मूर्ती हातभर उंच, लाकडी, निळ्या झग्याचा रंग जागोजाग उडालेला. जपमाळ मी सांगते. माझं नाव चोलेंग. बुटांचे वरचे भाग शिवते, तेच आमच्या मारिकिना शहरातल्या बहुतेक घरांचं काम. पहाटेची प्रार्थना, शुक्रवारचा उपास आणि संध्याकाळची माळ, यांत खंड पडू दिलेला नाही, एवढंच मला स्वतःबद्दल सांगता येईल.

त्या वर्षी मात्र माता इस्यांगच्या घरात अडकून बसली.

राष्ट्राध्यक्षावर महाभियोग चालू होता. दुपार झाली की घराघरांतून टीव्हीवर सिनेट. नदीपासून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेलं तरी साक्षीदाराचं एक वाक्य चुकायचं नाही, इतके सगळे टीव्ही एका सुरात. आरोप बंधाऱ्याचा होता. आमच्या नदीच्या बंधाऱ्याचे पैसे मंजूर झाले, खर्चही झाले, बंधारा तेवढा झाला नाही. दुसऱ्या कुणावर हा आरोप असता तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण हा ‘का अंबो’ होता, म्हणजे अंबोदादा. आमचा.

पूर्वी तो रेडिओवर असायचा, पहाटे पाचला. लोक आपली गाऱ्हाणी सांगायचे, आणि तो ऐकायचा. बोलणारे पुष्कळ असतात, हा ऐकणारा. मधेच गप्प बसायचा, आणि त्याच्या त्या गप्प बसण्यानं इकडं बायकांच्या डोळ्याला पाणी यायचं. पुढं राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला उभा राहिला, त्याच सुमारास मोठा पूर आला. माझी थोरली बहीण, दित्से पासिंग, तिचे पाय तेव्हाच गेले होते. मी शिधा आणायला शाळेतल्या छावणीत गेले, आणि पाणी इतकं झपाट्यानं चढलं की परत येता येईना. दित्से माडीच्या जिन्यावर एकटी. का अंबो रबरी होडीतून आमच्या गल्लीत आला, पाण्यात उतरला आणि तिला पाठीवर घेऊन होडीपर्यंत चालत गेला. हे सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. मीही छावणीतल्या टीव्हीवरच पाहिलं. तिथंच गुडघे टेकले आणि नवस बोलले: माते, हा माणूस राजवाड्यात जाऊ दे, तो तिथं असेपर्यंत रोज संध्याकाळी, सगळ्यांसमोर, मोठ्यानं त्याचं नाव घेऊन मी तुला विनंती करीन.

तेव्हापासून माळ संपली की आजारी, परदेशी गेलेले, वारलेले, आणि शेवटी का अंबो. प्रत्येक नावाला सगळ्यांचा जबाब, "माते, विनंती कर." त्याच्या नावाला सगळ्यांत मोठा. इस्यांगनं तर नातवाचं नावच त्याच्यावरून अंब्रोसियो ठेवलं, हाक मारायला अंबोय, आणि बाप्तिस्म्याला त्यालाच धर्मपिता, आमच्या भाषेत निनोंग, केलं. तो स्वतः आला नाही, त्याचा कुणी सचिव आला, पण फोटोच्या चौकटीत इस्यांगनं का अंबोचंच चित्र घातलं.

आता त्या जबाबाला अर्धी गल्ली ओठ मिटून बसायची.

इस्यांगच्या पुढचं घर बिनिंगचं. नवऱ्याच्या मागं ती एकटी चामड्याचं दुकान चालवते. बंधारा नव्हता म्हणून दुसरा पूर तिच्या दुकानात शिरला, आणि सगळा माल बुरसून गेला. खटला सुरू झाल्यावर शहरातल्या लोकांनी ठरवलं, की संध्याकाळी सहाला भांडी वाजवायची, त्यानं पायउतार व्हावं म्हणून. बरोबर सहाला, माळेच्या वेळेला. बिनिंग दारात उभी राहून पातेल्यावर अशी पळी मारायची, की "नमो मरिये" म्हणताना मला माझाच आवाज ऐकू यायचा नाही.

शनिवार आला. मी इस्यांगला म्हटलं, "उचल."

ती हलली नाही. माता तिच्या टीव्हीवर ठेवलेली, खाली खटला चालू, आवाज बंद.

"कुमारे," ती म्हणाली. सख्यांना आम्ही अशीच हाक मारतो. "त्या घरात? पातेली बडवते तिथं? मातेचे कान फुटायचे."

"मातेच्या कानांची काळजी तू नको करूस."

"मग त्या बयेला सांग, आधी दारात येऊन त्याच्या नावाला जबाब दे. तो माझ्या अंबोयचा धर्मपिता आहे. धर्मबापाला शिव्या देणाऱ्या घरात मी माझ्या हातानं माता देणार नाही."

बिनिंगकडं गेले तर तिनं दार अर्धंच उघडलं. ती मला आलिंग म्हणते, मावशी म्हणावं तसं. "आलिंग चोलेंग, या, बसा, पाणी घ्या. पण त्या चोराचं नाव माझ्या घरात घेणार असाल तर माता नको."

"नवस आहे गं माझा."

"तुमचा नवस, आणि भोगायचं आम्ही! मी त्याला मत का दिलं, माहितंय? रेडिओ मी कधी ऐकला नाही. टीव्ही तेव्हा घरात नव्हता. तुमच्या तोंडून रोज नाव ऐकलं. म्हटलं, आलिंग चोलेंग खोटं नाव देवापुढं घेणार नाहीत."

तिनं दिलेलं पाणी प्यायले आणि आले.

तर असं झालं. नाव घेतलं तर बिनिंग घ्यायला तयार नाही, नाव सोडलं तर इस्यांग द्यायला तयार नाही. शनिवार गेला, पुढचाही गेला. आणि तिकडं, गल्लीच्या टोकाला नदीजवळ, आमच्या घरात दित्से मातेची वाट बघत पडली होती. रांग अशी: इस्यांग, बिनिंग, मग चपला करणारा मांग उस्तिंग (मांग म्हणजे आमच्याकडं काका), मग शिंपीण, आणि मग आम्ही. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. हे सांगताना ते माझ्याकडं न बघता नर्सकडं बघत होते, त्यावरून मी काय ते समजले. दित्सेची इच्छा एकच. मातेनं आपल्या घरी यावं, आणि ती असताना डोळे मिटावेत.

"मी सरळ जाऊन उचलून आणते," मी एक दिवस म्हटलं. "आजाऱ्यासाठी माता सगळं माफ करते."

"रांग मोडून आलेली मला नको." दित्सेचा आवाज आता पेजेवरच्या वाफेसारखा झाला होता, पण हट्ट जुनाच. "रांग मोडणारे रोज दुपारी बघतेच आहे की टीव्हीवर."

"मग नाव सोडते. बिनिंगकडून पुढं तरी सरकेल."

"आणि इस्यांग?"

"इस्यांगच्या पाया पडेन."

"नवस मोडायचा तर तू तुझ्या जबाबदारीवर मोड, चोलेंग. माझ्या नावावर नको. मला वर जाऊन दहा जणांना उत्तरं द्यायची आहेत, त्यात ते एक नको."

मी तिला पेज भरवत होते. टीव्हीवर नेमकं पुराचं ते जुनं चित्र दाखवत होते. त्याच्या वकिलांना ते फार आवडायचं. का अंबो छातीभर पाण्यातून येतोय, पाठीवर दित्से, त्याचा चेहरा वर, पावसात.

दित्से बघत राहिली. म्हणाली, "ही दुसरी खेप."

"काय?"

"ही दुसरी खेप गं. मला त्यानं दोनदा उचललं."

मला वाटलं, औषधाची गुंगी. चमचा वाटीत ठेवला.

"पहिल्यांदा आला तेव्हा कॅमेरा नव्हता. अंधारून आलेलं. जिन्यावर मी नुसती ओरडत होते. तो आला, म्हणाला, आई, मान धरा, लाजू नका. घामाचा वास येत होता त्याला. पाय घसरला एकदा, तर मला वर धरून स्वतः पाणी प्यायला. होडीत ठेवलं, पांघरूण घातलं. तेवढ्यात दुसऱ्या होडीतून कॅमेरावाला आला. म्हणाला, का अंबो, चित्र मिळालं नाही."

"मग?"

"मग काय. त्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, आई, अजून एकदा? मला परत जिन्यावर नेऊन बसवलं, आणि पुन्हा उचललं. या खेपेला हळू चालला. बघ ना, किती हळू चालतोय. चेहरा वर करून. माझी एक चप्पल गेली त्यात. उस्तिंगनं केलेली होती, नवी."

चित्र संपलं. पुन्हा साक्षीदार आला.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू नवस बोलून बसली होतीस. गल्लीत तर सण चाललेला. मी काय म्हणू?"

"राग नाही आला तुला?"

"थंडी वाजत होती गं."

मी वाटी घेऊन मोरीवर गेले आणि उगीच बराच वेळ धूत बसले. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर फार दमल्यासारखं झालं, जसं उपासाच्या दिवशी दुपारी होतं. परत येऊन तिला विचारलं, "मग मी रोज कुणासाठी विनंती करते, दित्से? पहिल्या खेपेच्या अंबोसाठी का दुसऱ्या?"

"मला काय ठाऊक. मान एकच होती, मी धरली होती."

त्या संध्याकाळी मी इस्यांगच्या घरी माळ सांगितली. बाहेर पातेलं वाजत होतं. त्याचं नाव घेतलं. इस्यांगनं जबाब दिला, शिंपिणीनं अर्धा दिला, मांग उस्तिंग खोकला. दित्सेची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. इस्यांगला सांगितली असती तर ती म्हणाली असती, पाहा, खरंच उचललं होतं. बिनिंगला सांगितली असती तर ती म्हणाली असती, पाहा, नाटक होतं. दोघी पुन्हा भांडल्या असत्या, आणि माता होती तिथंच राहिली असती.

नंतर काही दिवसांनी, सिनेटमध्ये मतदान व्हायच्या आदल्या पहाटे, का अंबो रेडिओवर आला. पाचला, त्याच्या जुन्या वेळेला. मी प्रार्थना संपवून चहा ठेवत होते. आवाज अगदी तोच. भावंडांनो, म्हणाला, देशात शांतता राहावी म्हणून मी पद सोडतो आहे. डोळ्यांच्या उपचारांसाठी परदेशी जातो आहे. मधे तो गप्पही बसला, पूर्वीसारखाच, तेवढाच वेळ. मी गॅसपाशी उभी होते. माझ्या डोळ्याला पाणी आलं नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. थोड्या वेळानं कळलं, की तो आवाज आधीच भरून ठेवलेला होता. आम्ही ऐकत होतो तेव्हा त्याचं विमान समुद्रावर होतं.

सकाळी गल्लीत ना कुणी नाचलं, ना कुणी रडलं. पाववाल्याकडं बायका रांगेत उभ्या होत्या, त्या कडक पावाबद्दल बोलत होत्या.

दुपारी इस्यांग आमच्या दारात आली. केस विंचरलेले नव्हते.

"कुमारे, घेऊन जा तिला. मला तिच्याकडं बघवत नाही."

"मी कशी नेऊ? तुझ्या हातांनी बिनिंगला द्यायची."

"देते. देते बाई. आता काय राहिलंय?" ती पायरीवर बसली. "अंबोय विचारतो, निनोंग कुठं गेला. मी सांगितलं, डोळे दाखवायला गेलाय. पाच वर्षांच्या पोराशी खोटं बोलले. निदान मतदान होऊ द्यायचं होतं. हरला असता तर मी त्याच्यासाठी भांडले असते. आता भांडू कशासाठी?"

तिला चहा दिला आणि बिनिंगकडं गेले. वाटलं होतं, ती तरी खुशीत असेल. दुकानाच्या पायरीवर ती पातेलं मांडीत घेऊन बसली होती. तळाला पोचेच पोचे.

"जिंकलात," मी म्हटलं.

"काय जिंकलो? निकाल लागला असता, तर कागदावर तरी आलं असतं की यानं आमचा बंधारा खाल्ला. आता तो विमानात बसून रस पितोय, आणि मी पातेलं ठोकून सरळ करतेय." तिनं वर बघितलं. "नाव घेणार आहात का अजून?"

"नवस तो राजवाड्यात असेपर्यंतचा होता. आता बंधन नाही."

"मग आणा माता. दार उघडंच आहे."

एवढं ऐकूनही मी जागची हलले नाही. तिनं विचारलं, "आता काय?"

"तुझ्याकडं आठवडा, उस्तिंगकडं आठवडा, शिंपिणीकडं आठवडा. दित्सेजवळ तेवढा वेळ नाही, बिनिंग. आणि रांग मोडलेली तिला चालत नाही."

बिनिंगनं पातेलं बाजूला ठेवलं. थोडा वेळ तिनं गल्लीकडं नुसतं पाहिलं, दुकानात माल लावताना पाहते तसं.

"माळेचे भाग किती?"

"पाच. दहा-दहा मण्यांचे."

"घरं किती? इस्यांगपासून तुमच्यापर्यंत?"

तीही पाच होती. रोज माळ सांगणारी मी, आणि हे मला सुचलं नव्हतं.

"एकेका घरात एकेक भाग म्हणा," ती म्हणाली. "प्रत्येकीकडं माता राहिली, प्रत्येकीनं हातात घेतली, हातांनी दिली. आठवडा तो आठवडा, दहा मणी ते दहा मणी. मातेला घड्याळ कुठाय?"

त्या दिवशी सहाला पहिल्यांदाच पातेल्याचा आवाज आला नाही. इतकी शांतता, की पहिला भाग सांगताना मी दोनदा अडखळले. इस्यांगनं टीव्हीवरून माता उचलली. टीव्ही बंद होता, काचेवर धूळ. बिनिंग उंबऱ्यात आली, हात लुगड्यासारख्या मोठ्या फडक्याला पुसत. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या, मातेकडं बघत होत्या.

"जड आहे," इस्यांग म्हणाली.

"माहितंय. दरवर्षी घेते."

"खालून धर. झग्याचा रंग निघतो."

"धरलंय की. सोड आता तू."

इस्यांगनं सोडली.

दुसरा भाग बिनिंगकडं, चामड्याच्या वासात. तिसरा मांग उस्तिंगकडं. त्याची बायको वारली तेव्हापासून तोच बायकांच्या रांगेत उभा राहून माता घेतो, टोपी काखेत धरून. चौथा शिंपिणीकडं. मेणबत्त्या वितळून बोटांवर आल्या. आमच्या दारात माता घ्यायला खरं तर दित्सेनंच यायला हवं होतं. तिला उठता येत नव्हतं, आणि माझे हात चालले असते, कारण घर माझंही आहे. पण शिंपीण उंबऱ्यात थांबली नाही. सरळ आत गेली, बिछान्यापाशी वाकली आणि मूर्ती दित्सेच्या हातांत दिली. दित्सेच्या हातांत जोर नव्हता. मूर्ती तिच्या छातीवर टेकली. मग शिंपिणीनं हात मागं घेतले.

पाचवा भाग झाला. सगळे त्या छोट्या खोलीत दाटीनं उभे. मी आजाऱ्यांसाठी म्हटलं, परदेशी गेलेल्यांसाठी, वारलेल्यांसाठी. प्रत्येक वेळी जबाब आला. मग मी क्रूसाची खूण करायला हात उचलला.

"आणि?" दित्से म्हणाली.

"संपलं, दित्से. तो गेला."

"ते कळलं मला. नाव घे."

मी इस्यांगकडं पाहिलं. ती मेणबत्तीच्या ज्योतीकडं बघत होती. बिनिंग अंगठ्यावरचं मेण सोलत होती. ती निघून जाईल असं वाटलं, पण ती उभी होती.

"अंब्रोसियोसाठी," मी म्हटलं. का अंबो म्हणायला जीभ वळली नाही.

कुणी बोललं नाही. इस्यांगसुद्धा नाही. इतकी वर्षं सगळ्यांत मोठा आवाज तिचा असायचा. बाहेर नदीकाठानं एक मोटार गेली, तिचा उजेड भिंतीवरून सरकला.

मग दित्सेनंच सुरुवात केली. "माते," म्हणाली, आणि श्वास घेतला. "विनंती," म्हणाली, आणि पुढचा श्वास तिला पुरला नाही. उरलेला एक शब्द तिच्या ओठांवर तसाच अडकून राहिला, आणि खोलीतून कुणीतरी दोघांतिघांनी तो पुरा केला, दमलेल्या आवाजात, एखाद्याच्या हातातली पिशवी घ्यावी तसा. कोण ते मी पाहिलं नाही. माझे डोळे मिटलेले होते.

नंतर बिनिंगनं पेज आणली, आल्याची, त्याच पातेल्यातून. जमिनीवर ठेवलं तर ते एका बाजूला कलंडायला लागलं.

"देशासाठी पोचे पडलेत," बिनिंग म्हणाली.

"देशानं भरून दिले नाहीत ते," इस्यांग म्हणाली आणि खाली विटेचा तुकडा सरकवला.

सगळे गेल्यावर मी माता दित्सेच्या छातीवरून उचलली आणि टीव्हीवर ठेवायला निघाले. आमच्याकडं तिची जागा नेहमी तीच असते, उंच आणि सपाट.

"तिथं नको," दित्से म्हणाली. "इथं उशाशी ठेव. दमली असेल."

मी उशाशी ठेवली आणि झगा नीट केला. बोटाला निळा रंग लागला, तो पुसला नाही.